बँकेच्या कोपऱ्यावरून सात फेऱ्या

तपासनीसांना गाडी मागे घेता येत नाही, ही गोष्ट साऱ्या जगात एकाच माणसाला माहीत होती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः तपासनीस. पुढे जाणारी गाडी ते उत्तम चालवत. पण रिव्हर्स टाकला की त्यांच्या हातांना डावं-उजवं कळेनासं होई, आरशातलं जग उलटं की आपण उलटे असा प्रश्न पडे, आणि मानेत उसण भरे. परवाना मिळाला त्या दिवशी परीक्षकांचं पोट बिघडलं होतं. त्यांनी मैदानाला एक चक्कर मारायला लावली, सही केली आणि ते घाईघाईनं आत गेले. त्या एका सहीवर तपासनीसांची बावीस वर्षं निघाली.

एवढ्यावर भागलं असतं. पण तपासनीस नोकरीला होते विमा कंपनीत, आणि तेही मोटारीच्या दाव्यांच्या टेबलावर. लोकांनी गाड्या कुठं आणि कशा आपटल्या ते वाचायचं आणि कोण खरं बोलतंय, कोण थापा मारतंय हे ठरवायचं, हे त्यांचं काम. 'गाडी मागे घेताना चालकाने पुरेशी काळजी घेतली नाही' हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा तरी लिहिलं असेल. त्यात भर म्हणजे त्यांचे सासरे. तीस वर्षं त्यांनी बसचे ड्रायव्हर शिकवून तयार केले होते. मुलगी दाखवायच्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं की माणूस कसा आहे हे तो गाडी मागे कशी घेतो यावरून कळतं. तपासनीसांनी तेव्हा जोरजोरात मान हलवली होती.

त्यांच्या इमारतीला आत गाड्या ठेवायला जागा नव्हती. सगळ्या गाड्या समोरच्या रस्त्यावर भिंतीला लागून एकामागे एक उभ्या राहत, आणि संध्याकाळी सातनंतर जी जागा सापडे ती दोन गाड्यांच्या मधली, म्हणजे मागे घेऊनच शिरावं लागेल अशी. नाकासमोर जाऊन थांबता येईल अशी जागा एकच होती, रांगेच्या अगदी पुढच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्याशेजारी. तिथं तळमजल्यावरच्या दंतवैद्यांचा कंपाउंडर गाडी लावायचा, आणि पावणेआठला दवाखान्याचं शटर ओढून निघून जायचा. तपासनीस घरी पोचत सात वीसला. मधली पंचवीस मिनिटं कुठंतरी काढणं भाग होतं. एका जागी उभं राहिलं तर लोक विचारतात, म्हणून ते फिरत. फाटकावरून निघायचं, इस्त्रीवाल्यापाशी डावीकडे, मग बँकेचा कोपरा, शाळेची मागची भिंत, आणि पुन्हा फाटक. एका फेरीला साडेतीन मिनिटं. सातवी फेरी होईतो कंपाउंडर गेलेला असे.

आता बायको शेजारी बसलेली असताना माणसाला असं फिरता येत नाही. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि येताना रोज त्यांच्याच गाडीतून येई. म्हणून फाटकाशी आलं की तपासनीस म्हणत, "तू उतर. दिवसभर उभी असतेस. मी गाडी लावून येतो." अकरा वर्षं ते असं म्हणत होते. इमारतीतल्या बायकांमध्ये या गोष्टीचा भलताच बोलबाला झाला होता. सोसायटीच्या चिटणीसांना तर त्यांच्या बायकोनं यावरून इतकं ऐकवलं होतं की ते तपासनीसांशी काही दिवस नीट बोलतही नव्हते. बायको स्वतः कधी कौतुक करत नसे. ती फक्त उतरल्यावर एकदा मागे वळून बघे. त्या बघण्यानं तपासनीसांना फार बरं वाटे, आणि थोडी शरमही वाटे. शरम इस्त्रीवाल्यापर्यंत टिके.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कुणीतरी तपासनीसांच्या गाडीचा डावा आरसा चोरला. आरसा नसल्यानं त्यांची तशी काही अडचण होणार नव्हती. पण अपमान तो अपमानच. त्यांनी पोलिसांना सात कलमांचा अर्ज लिहिला. बँकेच्या कोपऱ्यावर नंबरप्लेट वाचणारा तो नवा कॅमेरा बसवावा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद व्हावी, आणि या नोंदी जपून ठेवाव्यात. 'जपून' या शब्दाखाली त्यांनी स्वतःच्या हातानं रेघ मारली. अर्ज घेऊन ते दारोदार फिरले. सगळ्यांनी सह्या केल्या. एकट्या निवृत्त मुख्याध्यापकांनी केली नाही. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती आणि ती बहुधा बंदच असे.

"मी कधी कुठं जातो हे लिहून ठेवायला मी कुणाला सांगितलेलं नाही," सर म्हणाले.

तपासनीस हसले. सज्जन माणसाला लपवण्यासारखं असतं काय, असं त्यांनी विचारलं, आणि जिना उतरताना चिटणीसांना म्हणाले की वय झालं की माणूस असा संशयी होतो.

कॅमेरा बसला, आणि त्याच्या जोडीला फाटकासमोरच्या खांबावरही एक बसला. आरसा काही सापडला नाही, कारण आरसा चोरणारा चालत आला असावा आणि चालणाऱ्याला नंबरप्लेट नसते. पण तपासनीसांचं समाधान झालं होतं. रोज संध्याकाळी बँकेच्या कोपऱ्यावरून जाताना ते त्या कॅमेऱ्याकडे आपुलकीनं बघत. दिवसातून सात वेळा.

अकरा महिन्यांनी पोलीस ठाण्यातून कागद आला. आपले वाहन संशयास्पद हालचालींच्या यादीत आढळले आहे, तरी समक्ष हजर राहावे. तपासनीसांना वाटलं, नंबर चुकीचा वाचला असेल. चिटणीस म्हणाले, मी येतो बरोबर, तुमच्या चारित्र्याची खात्री द्यायला कुणीतरी हवं. इथंच पहिला घोटाळा झाला. कारण चिटणीसांच्या कानावर पडलेली गोष्ट ते घरी पोचायच्या आत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेली असते, आणि तपासनीस तिसऱ्याच मजल्यावर राहत.

अधिकारी अतिशय सभ्य होता. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. नंबर अगदी बरोबर वाचलेला होता. पडद्यावर वस्तीचा नकाशा होता आणि त्यात बँकेभोवती एक लाल रेघ पुन्हापुन्हा गिरवून जाड झाली होती. दोनशे एकतीस संध्याकाळी मिळून सोळाशे सतरा वेळा गाडी बँकेवरून गेली होती. प्रत्येक वेळी वेग कमी केलेला. चालक मान वर करून कॅमेरा पाहत असल्याचे फोटो होते. त्या फोटोंत तपासनीस हसत होते.

"बँकेत काही झालंय का?" त्यांनी घाबरून विचारलं.

"अजून नाही," अधिकारी म्हणाला. "आणि बघा, हे आम्ही म्हणत नाही. मशीन म्हणतं."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण शेजारच्या खुर्चीत चिटणीस कान टवकारून बसले होते. तेव्हा तपासनीसांनी बॅटरी चार्ज व्हावी म्हणून गाडी फिरवतो असं सांगून टाकलं. असल्या जबाबाचा दावा त्यांनी स्वतः दोन मिनिटांत फेटाळला असता. अधिकाऱ्यानं विचारलं की दिवसभर गाडी ऑफिसला जाऊन येते, मग बॅटरीला आणखी काय हवं असतं. मग तपासनीस म्हणाले, डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली आहे. अधिकाऱ्यानं फोटो मोठा करून दाखवला. चारही काचा वर होत्या. शेवटी तपासनीस म्हणाले की ते गाडी लावायला जागा शोधत असतात, आणि हे जवळजवळ खरं होतं. पण मशीननं तेही खोडून काढलं. सात बावीसला जागा रिकामी होती, तिथं एक दुधाची गाडी येऊन उभी राहिली. सात एकतीसला रिकामी होती, तिथं खुद्द चिटणीसांनी आपली गाडी लावली.

चिटणीस म्हणाले, हो, खरंच की, तुम्ही माझ्यासमोरूनच पुढे निघून गेलात, मी हातही केला होता. चारित्र्याची खात्री अशी देऊन झाली.

अधिकाऱ्यानं तिन्ही जबाब एकाखाली एक लिहून घेतले. मग फायलीतून सात कलमांचा तो अर्ज बाहेर काढला. पहिली सही तपासनीसांची होती. आपल्यावरचं लक्ष उडावं म्हणून संशयितानं स्वतःच कॅमेरा मागितला असावा, असा एक तर्क होता, असं त्यानं खेद झाल्यासारखं सांगितलं. आणि सही न केलेल्या घराचं काय, असं चिटणीसांनी विचारलं, तेव्हा कळलं की सरांचीही वेगळी फाईल आहे, सही का केली नाही म्हणून.

गाडी ठाण्यातच ठेवून घेतली. दोन दिवसांनी बायकोला बोलावणं आलं. कारण मशीनच्या टिपणात लिहिलं होतं की रोज सात वीसला एक महिला फाटकाशी उतरते आणि त्यानंतरच हालचाली सुरू होतात. तपासनीस बरोबर गेले. या वेळी चिटणीसांना नेलं नव्हतं, पण आता त्यानं काही फरक पडणार नव्हता.

अधिकाऱ्यानं तिला अदबीनं विचारलं की तुम्ही उतरल्यावर साहेब कुठं जातात. ती म्हणाली, गाडी लावायला. त्यानं विचारलं, पंचवीस मिनिटं? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. रोज फाटकाशी वळून बघायची ते बघणं हे नव्हतं. हे लॅबमध्ये काचपट्टीकडे बघतात तसं होतं. बँकेचा संशय घेतला तर फार तर नोकरी जाईल. पण ही आता दुसरंच काहीतरी समजते आहे, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मला रिव्हर्स येत नाही," ते म्हणाले. "कधीच आला नाही. कंपाउंडर जाईपर्यंत मी फिरत असतो."

ठाण्यातून परत येताना बायको सबंध रस्ता चालत आली, आणि तिनं एकच वाक्य उच्चारलं, तेही इस्त्रीवाल्यापाशी.

"म्हणजे मला दारात सोडायचात ते माझ्या पायांसाठी नव्हतं."

इतक्या लोकांच्या खोट्या-खऱ्या सबबी वाचलेल्या त्या माणसाला एकही सबब सुचली नाही. सुचली असती तरी त्यांनी ती दिली नसती, एवढं वाईट त्यांना वाटत होतं. त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं सुरू झालं.

आणि एवढी अब्रू घालवूनही काम झालं नव्हतंच. तुम्हाला गाडी मागे घेता येत नाही याला पुरावा काय, असं अधिकाऱ्यानं विचारलं होतं. घेता येते याचा पुरावा तर तुमच्याच खिशात आहे, सरकारी सहीशिक्क्याचा. परवान्यात लिहिलेलं खरं मानायचं की तुम्ही म्हणता ते? परवाना खोटा म्हणावं तर तो वेगळा गुन्हा, त्याला वेगळी फाईल. शेवटी त्यानंच तोड काढली. पंचांसमोर प्रात्यक्षिक द्यायचं. गाडी मागे घेता आली नाही तर तसं लिहून फाईल बंद करू, म्हणाला. परवान्याचं नंतर बघू. बरोबर एक जाणकार माणूस असावा, म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकता आहात की मनापासून हे तो सांगू शकेल.

बायकोनं तिथल्या तिथं जाणकाराचं नाव सांगितलं. तिच्या वडिलांचं.

प्रात्यक्षिक रविवारी ठरलं. तोवर इमारतीनं तपासनीसांना सल्ला देऊन देऊन बेजार केलं. चिटणीस म्हणाले, एकदा तरी भिंतीला ठोका, त्याशिवाय खरं वाटणार नाही. कुणी म्हणालं, घाम यायला हवा, तर कुणी म्हणालं, घाम नको, घामानं माणूस गुन्हेगार दिसतो. दंतवैद्यांनी मानेचा पट्टा देऊ केला. कंपाउंडर वर येऊन वाईट वाटल्याचं सांगून गेला, आधी बोलला असतात तर मी गाडी मागे लावली असती, म्हणाला. हे ऐकून तपासनीसांना सगळ्यांत जास्त दुःख झालं. सर तेवढे सल्ला द्यायला आले नाहीत. ते कागद-पेन घेऊन आले आणि त्यांनी शेजारी बसून, जुन्या नोंदी पुसून टाकाव्यात असा अर्ज तपासनीसांना लिहून दिला. मी तुम्हाला आधीच म्हणालो होतो, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते तपासनीसांना फार लागलं.

रविवारी ठाण्याच्या मागच्या अंगणात दोन पिंपं ठेवली होती आणि त्यांच्यामधून गाडी मागे घेऊन भिंतीशी उभी करायची होती. पंच म्हणून चिटणीस आणि दंतवैद्य. पाहायला अर्धी इमारत. बायको शेवटच्या रांगेत उभी होती. सासरे इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि जावयाकडे बघत नव्हते. जाणकारानं मध्ये बोलायचं नाही, फक्त पाहायचं, असं अधिकाऱ्यानं त्यांना बजावलं होतं. त्यांनी ओठ मिटून मान हलवली.

तपासनीसांनी रिव्हर्स टाकला. हात नेहमीप्रमाणे परके झाले. गाडी दचकून मागे सरकली आणि उजव्या पिंपाकडे निघाली, अगदी नियमाप्रमाणे, जशी निघायला हवी तशी. फाईल बंद व्हायला आता चार हात उरले होते. पण सासऱ्यांना ते पाहवेना. तीस वर्षांची सवय होती.

"थांब," ते म्हणाले. मग पुढे येऊन हात वर केला. "आरशात बघू नको. माझ्याकडे बघ. डावीकडे तोड. अजून. आता येऊ दे. येऊ दे, येऊ दे. सरळ कर. बस."

जावयाला ते कधी अरेतुरे करत नसत. बहुधा त्यामुळेच तपासनीसांच्या हातांनी ऐकलं. बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी आरशात बघितलं नाही, आपण कसे दिसतो याचा विचार केला नाही, एक माणूस सांगतो आहे तसं केलं. गाडी दोन्ही पिंपांच्या बरोबर मधून गेली आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. इमारतीनं टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी बॉनेटवर थाप मारली. तपासनीस खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि अधिकारी लिहीत होता.

त्यानं वाचून दाखवलं. वाहनचालकास गाडी उत्तम प्रकारे मागे घेता येते, हे पंचांसमक्ष सिद्ध झाले. आधीचे चारही जबाब खोटे. स्पष्टीकरण समाधानकारक नाही. पुरावा कशाचाच नसल्यामुळे वाहन परत देण्यात येत आहे, मात्र ते निरीक्षणाखाली राहील. पंचांनी सह्या केल्या. चिटणीसांनी आपली सही दोनदा केली, एक अस्पष्ट आली म्हणून.

तपासनीसांनी सरांनी लिहिलेला अर्ज पुढे केला आणि विचारलं की या नोंदी किती दिवस ठेवता. अधिकारी म्हणाला, गरज असेपर्यंत. गरज कधी संपते, असं विचारल्यावर त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला की नोंदी असल्या की गरज पडतेच. मग त्यानं अर्जावरची रेघ दाखवली, सात कलमांच्या त्या पहिल्या अर्जावरची, 'जपून' या शब्दाखालची.

सासरे दोन दिवस राहिले. सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर उभे राहून त्यांनी जावयाकडून सराव करून घेतला आणि जाताना मुलीला सांगून गेले की जरा उशिरा लागला, पण हात चांगला आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वीसला फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा तपासनीस सवयीनं म्हणाले, तू उतर. बायको उतरली नाही.

"लावा," ती म्हणाली. "मला बघायचंय."

दोन गाड्यांच्या मधली जागा होती. त्यांनी मान वळवली, डावीकडे तोडली, येऊ दिली, सरळ केली. मग दोघं एकदमच उतरले आणि जिना एकत्र चढले. असं अकरा वर्षांत झालं नव्हतं. असे नऊ दिवस गेले. तपासनीसांना वाटलं, संपलं.

दहाव्या दिवशी कागद आला. आपल्या वाहनाच्या दीर्घकाळच्या नियमित हालचालींत अचानक बदल झाल्याचे आढळले आहे. तरी कारणांसह खुलासा करावा.

तपासनीसांनी फोन केला. अधिकारी ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं बोलला. असं होतं, म्हणाला, सराईत माणूस कामगिरी उरकण्याच्या आधी फेऱ्या एकदम बंद करतो, निदान मशीनला तसं शिकवलेलं आहे. खुलासा द्याल तर पुन्हा पंच, पुन्हा फाईल. त्यापेक्षा तुम्ही आपले पहिल्यासारखे फिरत राहा ना. मशीनला तुमची सवय झाली आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फाटकासमोर जागा रिकामी असते, ती तपासनीसांना एका दमात घेता येते, आणि ते ती सोडून पुढे जातात. इस्त्रीवाला, बँकेचा कोपरा, शाळेची मागची भिंत, फाटक. बायको आता उतरत नाही. पहिल्या फेरीला ती लॅबमधलं सांगते, दुसऱ्या-तिसऱ्याला ते ऑफिसातलं, चौथ्यापासून दोघं काहीबाही बोलत असतात. बँकेच्या कोपऱ्यावर मात्र दोघंही समोर बघतात. कधी सर तिथून चालत जाताना दिसतात. स्कूटर त्यांनी विकून टाकली आहे.

काल सातवी फेरी संपली तेव्हा बायको कसलीशी गोष्ट सांगत होती आणि ती अर्धीच झाली होती. फाटक आलं. खिडकीतून वारा चांगला येत होता.

"आणखी एक मारू या," ती म्हणाली.

तपासनीसांना खरंच मारायची होती. त्यांनी गिअरवर हात ठेवला, खांबावरच्या कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी मागे घेतली.

"नको," ते म्हणाले. "आठवीचं कारण काय लिहून देणार?"